एक प्रेक्षक, पाच सेकंद

मापसाहेबांनी आयुष्यातला पहिला व्हिडिओ केला तो स्वयंपाकघरातल्या नळाचा. बरेच दिवस गळणारा नळ गळायचा थांबला होता आणि ही बातमी बायकोपर्यंत पोचवणं त्यांना अत्यंत निकडीचं वाटत होतं. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापार गेलेली. इथे दिवस तेव्हा तिथे रात्र, त्यामुळे फोनवर एकजण जांभई देत असायचा आणि दुसरा घाईत. शिवाय बायकोचे प्रश्न ठरलेले. "जेवलात का? गॅस बंद केलात का? औषध घेतलंत का?" उत्तरंही ठरलेली. हो, हो आणि हो. तिसरा 'हो' होईतो मागे बाळ टाहो फोडायचं आणि चाळीस वर्षांच्या संसाराचं त्या दिवसापुरतं संभाषण संपायचं.

मापसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. भाजीवाल्यानं तागडीत टोमॅटो टाकले की यांची उजवी भुवई वर जायची आणि भाजीवाला कुणी काही न बोलता आणखी एक टोमॅटो टाकायचा. इमारतीतल्या कुणीतरी एकदा 'मापसाहेब' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बायको तेवढी 'अहो' म्हणायची, हे तिला 'अगं' म्हणायचे. या दोन शब्दांच्या भांडवलावर संसार बिनबोभाट चालला होता.

तर नळाचा व्हिडिओ. तो बारा मिनिटांचा झाला. खात्याची शिस्तच तशी होती. आधी विषय, मग संदर्भ, मग प्रत्यक्ष पाहणी, निष्कर्ष सगळ्यात शेवटी. त्याप्रमाणे मापसाहेबांनी सुरुवातीला तारीख, वार आणि हवामान सांगितलं. मग नळाचा पूर्वेतिहास सांगितला, मग प्लंबरच्या स्वभावाचं थोडक्यात विवेचन केलं, आणि मग नळ दाखवला. हे सगळं झाल्यावर, हातचं राखून ठेवलेलं बक्षीस दाखवावं तसा त्यांनी फोन हळूच बाल्कनीत नेला. बायकोनं वर्षानुवर्षं खतपाणी घातलेल्या, मनधरण्या केलेल्या आणि तरीही हटून बसलेल्या गुलाबाला फूल आलं होतं. खरं म्हणजे नळ हा नुसता बहाणा होता. व्हिडिओ फुलाचाच होता.

उत्तरादाखल बायकोचा अंगठा आला. चाळीस वर्षांत तिनं त्यांना कधी अंगठा दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर खडा टाकून पाहिला. "व्हिडिओ बघितलास?"

"बघितला की. छान होता."

"शेवट कसा वाटला?"

"शेवटपण छान. एक थेंब गळत नाहीये हो नळ."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर ना..." बायको जरा घुटमळली. "अहो, बाळ उठलं वाटतं."

बाळ उठलेलं नव्हतं. ते रडल्याशिवाय उठत नसे आणि रडण्याचा आवाज आलेला नव्हता. मापसाहेब फोन हातात धरून बाल्कनीत गेले. गुलाबाच्या दोन पाकळ्या एव्हाना गळल्या होत्या. सगळ्या तपासण्या करून त्यांनी अहवाल पाठवावा आणि वरिष्ठांनी फक्त विषय वाचून फाईल बाजूला सारावी, असं नोकरीत पुष्कळदा झालं होतं. तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

तळमजल्यावर एक ब्युटीपार्लर होतं. ते चालवणाऱ्या पार्लरताईंचे केसांबद्दलचे व्हिडिओ हजारो बायका बघतात, अशी इमारतीत वदंता होती. ज्या दारात पुरुषानं पाय ठेवायचा नसतो असं मापसाहेब आजवर मानत आले होते, त्याच दारात ते घसा खाकरत उभे राहिले. आत एका बाईच्या केसांना चांदीचा कागद गुंडाळलेला होता, दुसरीच्या तोंडाला हिरवा लेप होता. दोघींच्या देखत त्यांना आपली अडचण सांगावी लागली. त्यांनी ती एका मित्राची म्हणून सांगितली.

"मित्राचा व्हिडिओ केवढा आहे काका?" पार्लरताईंनी विचारलं.

"बारा मिनिटं. तसा आटोपशीरच आहे."

चांदीच्या कागदवाली फिसकन हसली. हिरव्या लेपाला हसायची परवानगी नसावी, पण तिचे खांदे हलले.

"काका, पहिल्या पाच सेकंदांत माणूस ठरवतो, थांबायचं का सटकायचं. त्या पाच सेकंदांत धरलं तर धरलं. तुमच्या मित्रानं पाच सेकंदांत काय सांगितलं?"

"वार."

पार्लरताईंनी कंगवा खाली ठेवला.

"पण बघणारी व्यक्ती परकी नाहीये," मापसाहेब म्हणाले, "मित्राची पत्नी आहे. चाळीस वर्षांची."

"चाळीस वर्षांची पत्नीच आधी सटकते काका! तिला पुढचं पाठ असतं."

यावर हिरव्या लेपानं एक बोट वर करून अनुमोदन दिलं.

पार्लरताई मनाच्या चांगल्या. त्यांनी मापसाहेबांच्या फोनवर एक वाहिनी उघडून दिली. तिच्यावर व्हिडिओ चढवायचा, 'खाजगी' हे बटण दाबायचं, की तो फक्त काकूंनाच दिसेल. मित्राच्या पत्नीला त्या काकू म्हणाल्या हे दोघांनीही चालवून घेतलं. शिवाय प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख येणार होता. बघणारा कितव्या सेकंदापर्यंत टिकला आणि कुठे पळाला, हे त्यात रेघेनं दिसायचं. मापन आलं म्हटल्यावर मापसाहेबांना हुरूप आला. घरी येऊन त्यांनी नळाचा व्हिडिओ नव्यानं चढवला, बायकोला "पुन्हा बघ, छान आहे" असं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी आलेख उघडला. प्रेक्षक: एक. रेघ सुरुवातीला छताला टेकलेली, आणि हवामान सांगून होईतो दाणकन जमिनीवर. पुढे व्हिडिओभर ती जमिनीवरच सरपटत गेली होती. फुलाकडे कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

आता हा खात्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला.

पुढचा व्हिडिओ पार्लरताईंच्या देखरेखीखाली झाला. चेहरा उजळ हवा, हसरा हवा, आणि पहिलं वाक्य प्रश्नार्थक हवं, अशी त्रिसूत्री होती. त्यांनी एक गोल दिवा आणला आणि मापसाहेब "अहो, कशाला, कशाला" म्हणत असताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलीशी पावडर फिरवली. मापसाहेबांनी दात दाखवले. हसू आणि दात यांतला फरक त्यांना लहानपणापासून जमलेला नव्हता. "ओळख पाहू, माझ्या हातात काय आहे?" असं म्हणून त्यांनी हात पाठीमागे नेला. हातात त्यांनी स्वतः इस्त्री केलेला, एकही चुणी नसलेला शर्ट होता.

रेघ या वेळी थोडी पुढे गेली, पण शर्टापर्यंत नाहीच. त्याआधीच लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्हाला बरं नाहीये का? आई घाबरलीये. म्हणते, तोंड पांढरंफटक पडलंय आणि जबडा वाकडा झालाय. आत्ताच्या आत्ता रक्त तपासून घ्या."

पावडरीचं सांगणं त्यांच्या जिवावर आलं. त्यापेक्षा रक्त देणं सोपं वाटलं. उपाशीपोटी प्रयोगशाळेत गेले, दोन तास बसले, सुई टोचणाऱ्या मुलीनं तीन वेळा शीर चुकवली. अहवाल निर्दोष आला. "मग चेहरा असा का?" या बायकोच्या प्रश्नाला मात्र विज्ञानाकडे उत्तर नव्हतं.

ही वार्ता जिन्यानं वर चढत विमा एजंटपर्यंत पोचली. एजंट वरच्या मजल्यावर राहायचे आणि सल्ला देण्यासाठी आमंत्रणाची वाट बघायची त्यांच्या धंद्याला सवय नव्हती.

"हसताय काय मापसाहेब?" ते सोफ्यावर बसत म्हणाले. "आनंदानं माणूस पाच सेकंद थांबतो. भीतीनं वीस वर्षं हप्ते भरतो. मी दार उघडल्या उघडल्या विचारतो, उद्या तुम्ही नसलात तर? बसा म्हणायच्या आधी चहा येतो."

"पण मला बायकोला घाबरवायचं नाहीये. कुकरचं रबर बदललं, तेवढंच सांगायचंय."

"सांगा ना! रबर शेवटी सांगा. आधी काळजात धस्स होऊ द्या."

एजंटांनी पडदे ओढून घेतले. मापसाहेबांना अंधारात, खुर्चीत जरा वाकून बसवलं. मथळाही त्यांनीच सांगितला, 'बायको गेल्यापासून या घरात काय घडलं'. मापसाहेबांनी ठरल्याप्रमाणे एक सुस्कारा सोडला, मान खाली घातली आणि म्हणाले, "ती गेली... आणि घराला घरपण राहिलं नाही." मग थोडं थांबून ते उठले, पडदा सारला आणि कुकरकडे वळले.

गंमत अशी की ते वाक्य म्हणताना त्यांना अभिनय करावा लागला नव्हता. पण ते त्यांनी एजंटांना सांगितलं नाही.

व्हिडिओ चढवताना ते दूरचा चष्मा लावून बसले होते. 'खाजगी' आणि 'सार्वजनिक' ही दोन बटणं शेजारी शेजारी असतात. ती ज्यानं शेजारी ठेवली, त्याची बायको कधी परगावी गेली नसावी.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात खात्यातले त्यांचे जुने वरिष्ठ, मोठे साहेब उभे. वय झालेलं, हातात काठी. एक शब्दही न बोलता ते आत आले, मापसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सोफ्यावर बसून जमिनीकडे पाहू लागले.

"कधी?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"काय कधी?"

"वहिनी."

"अच्छा, ती होय! तीन महिने होऊन गेले की."

"तीन महिने! आणि आम्हाला कळवलंही नाहीत?"

"त्यात कळवायचं काय साहेब? लेकीकडेच तर..."

"लेकीकडे असतानाच? अरेरे." साहेबांनी डोळे मिटले. "शेवटी नातवंडाचं तोंड तरी पाहिलं का?"

"पाहिलं म्हणजे काय, मांडीवरून खाली ठेवत नाही! तिकडे मजेत आहे ती."

साहेबांनी त्यांच्याकडे दचकून पाहिलं. माणूस धक्क्यानं भ्रमिष्ट होतो हे त्यांनी ऐकलं होतं. "मजेतच असणार," ते मापसाहेबांचा हात थोपटत म्हणाले, "सुटली बिचारी."

"सुटते कसली! तिकडेही दिवसभर कामच काम. परवा म्हणत होती, कंबर धरलीये."

"म्हणत होती?" साहेब काठी सावरून उठले. "तुम्ही एकटे राहू नका हो. कुणाला तरी सोबतीला बोलवा." जाताना त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतलं.

घोटाळा उलगडायला संध्याकाळ झाली. तो व्हिडिओ खात्यातल्या निवृत्त मंडळींच्या हाती लागला होता आणि एकमेकांना पाठवता पाठवता गावभर झाला होता. पाहणाऱ्या प्रत्येकानं पहिले पाच सेकंद पाहिले, हात जोडले आणि फोन खाली ठेवला. कुकरपर्यंत एकही माणूस पोचला नव्हता. पार्लरताईंच्या मते इतकी पकड घेणारी सुरुवात इमारतीच्या इतिहासात झाली नव्हती.

मापसाहेब खुलासा करायला जिना उतरले तो सूचनाफलकावर कागद. 'शोकसभा. रविवारी सकाळी, गच्चीवर. सर्वांनी उपस्थित राहावे. खुर्च्या आपापल्या आणाव्यात.' त्यांनी तडक सोसायटीच्या सेक्रेटरींचं दार ठोठावलं.

"अहो, ती जिवंत आहे!"

"अरे वा! अभिनंदन," सेक्रेटरी म्हणाले. ते नियमाबाहेर श्वासही घेत नसत. "पण सूचना समितीच्या ठरावानं लागलीये. शोकाचा ठराव तातडीनं करता येतो, पण सूचना काढायची तर साधी बैठक बोलवावी लागेल. बैठकीची सूचना आठवडाभर आधी द्यावी लागते. आणि सभा तर परवाच आहे."

"म्हणजे जिवंत बाईची शोकसभा घेणार?"

"घ्यावी लागेल. पण तिच्यात तुम्हाला दोन मिनिटं खुलासा करता येईल. शेवटी. आधी इतरांची भाषणं."

सभा झाली. मापसाहेब स्वतःची खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. खुलासा एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेलेला, पण सुट्टीचा दिवस होता आणि मंडळी भाषणं पाठ करून आलेली. पार्लरताई म्हणाल्या, "काकू दुपारच्या पार्लरमध्ये येऊन बसायच्या. केसांना कधी हात लावू दिला नाही, नुसत्या गप्पा. त्या असल्या की गिऱ्हाइकं उठायचीच नाहीत." सेक्रेटरी म्हणाले, की त्यांच्या आईचा मोतीबिंदू उतरवला तेव्हा काकू रोज येऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, जाहिरातींसकट. एजंट म्हणाले, "विमा घ्यायला अख्ख्या इमारतीत त्या एकट्या हसून नाही म्हणाल्या. बाकीच्यांनी दार लावलं." लोक हसत होते. मापसाहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुपारी ते झोपायचे. उठले की चहा समोर यायचा. त्या दोन तासांत बायको एवढी दुनिया हिंडून यायची, आणि चहा देताना फक्त "साखर पुरे ना?" एवढंच विचारायची. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं, की कुठे होतीस.

खुलाशासाठी त्यांचं नाव पुकारलं. ते उठले, "माझी पत्नी हयात आहे," एवढं म्हणाले, आणि चष्मा पुसत परत खुर्चीत बसले. सभेला आता नक्की काय समजायचं ते समजेना. शेवटी सेक्रेटरींनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली.

इथे हे संपायला हरकत नव्हती. पण हात दाखवून अवलक्षण एकदा झालं की ते कागदावर उतरल्याशिवाय राहत नाही. खात्यातल्या कुणा तत्पर कनिष्ठानं, मापसाहेबांना या दुःखात धावपळ नको म्हणून, आपण होऊन पेन्शन कचेरीला कळवून टाकलं. 'आपल्या पत्नीचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनातून कमी करण्यात आले आहे. आपल्या दुःखात कार्यालय सहभागी आहे,' असं पत्र आलं. नाव कमी करायला अर्ज लागला नव्हता. पुन्हा घालायला मात्र लागणार होता.

"मृत्यूचा दाखला आणलात का?" पेन्शन कचेरीच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं.

"ती मेलेलीच नाही!"

"मग हयातीचा आणा. त्यांना समक्ष उभं करा."

"परदेशात आहे ती."

"मग व्हिडिओ. चेहरा स्पष्ट हवा, माणूस एकटा हवा. सुरुवातीलाच पूर्ण नाव आणि 'मी जिवंत आहे' असं म्हणायला सांगा. आम्ही पाच सेकंदांच्या पुढे बघत नाही."

हे सगळं त्यांना फोनवर बायकोला सांगावं लागलं. पलीकडे जे हसू फुटलं ते थांबेचना. "माझी शोकसभा? आणि मलाच बोलावलं नाहीत?" तिच्या हसण्याचा आवाज त्यांनी तीन महिन्यांत ऐकला नव्हता. पेन्शन गेली तरी हरकत नाही असं त्यांना क्षणभर वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ आला. खिडकीकडे पाठ करून बसली होती, त्यामुळे चेहऱ्यावर अंधार. अर्धी चौकट छतानं भरलेली. "नमस्कार," ती म्हणाली, आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. लग्नाच्या कागदांवर सही केल्यापासून ते नाव तिच्या तोंडून त्यांनी ऐकलं नसावं. "मी जिवंत आहे. चांगली ठणठणीत आहे. आमचे हे जरा उद्योगी आहेत, तरी कचेरीनं मनावर घेऊ नये." मागे बाळ रडायला लागलं, ती तिकडे वळली, आणि संपलं. पार्लरताईंच्या शास्त्राप्रमाणे हा व्हिडिओ पहिल्याच सेकंदाला गतप्राण झालेला होता.

मापसाहेबांनी तो सकाळी पाहिला. जेवताना पाहिला. भांडी घासता घासता ओट्यावर टेकवून पाहिला. तिच्या अंगात लेकीचा स्वेटर होता, बाह्या दुमडलेल्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. म्हणजे चष्मा मोडला होता आणि तिनं सांगितलं नव्हतं. वळताना तिनं कंबरेवर हात ठेवला होता. त्यांनी व्हिडिओ तिथे थांबवला आणि बराच वेळ तो हात बघत राहिले.

संध्याकाळी तिचाच फोन आला. "लेक म्हणतेय, कामावर रुजू व्हायचंय, अजून दोन महिने राहशील का. काय करू?"

मापसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पानं उलटून पाहिली. पण निरीक्षकानं चेहरा कोरा ठेवायचा असतो, आणि ती सवय आवाजालाही लागलेली होती. "राहा की," ते म्हणाले. "माझं काय अडलंय? इथे सगळं व्यवस्थित आहे."

"हो ना," ती म्हणाली. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "तेच तर फोनवरही सांगत असता. नळ व्यवस्थित, शर्ट व्यवस्थित, कुकर व्यवस्थित. मग मी येऊन तरी काय करू?"

"तसं नव्हे..."

"राहते मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बाळ रडलेलं नव्हतं.

त्या रात्री त्यांना धड झोप लागली नाही. सकाळी उठून त्यांनी दाढी केली, मग फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसले. दिवा नाही, पावडर नाही, पडदे जसे होते तसे. आवाज येतो का हे मात्र दोनदा तपासलं. अहवालात निष्कर्ष शेवटी घालायचा असतो, पण त्यांच्यापाशी आज बाकीचा अहवालच नव्हता. बटण दाबलं आणि ते म्हणाले, "अगं, मला करमत नाही." पुढे काही सुचेना. म्हणून त्यांनी व्हिडिओ तिथेच बंद केला, जवळचा चष्मा लावून 'खाजगी'चं बटण दाबलं, आणि आपण हे काय करून बसलो असं वाटून घाईघाईनं पेन्शन कचेरीत निघून गेले.

रांगेत उभं असताना राहवेना. त्यांनी आलेख उघडला. रेघ छताला लागलेली होती आणि तिथून खाली उतरलीच नव्हती. प्रेक्षक: एक. पाहिल्याची संख्या: नऊ. ते बघत होते तोवर दहा झाली.

"पुढचे!" खिडकीवरच्या बाईंनी बायकोचा व्हिडिओ लावला, पाच सेकंद पाहिला, आणि त्यांच्या दुर्दैवानं नेमका पुढचा भागही पाहिला. "नामंजूर. मागे कुणीतरी रडतंय."

"नात आहे ती. तीन महिन्यांची आहे."

"वय विचारलं नाही. माणूस एकटा हवा."

तेवढ्यात मापसाहेबांच्या हातातला फोन वाजला.

"अहो, व्हिडिओ बघितला," बायको म्हणाली.

"बरं."

"पण आवाज नीट आला नाही हो. काय म्हणालात?"

मापसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मागे रांग, पुढे खिडकी, बाकावर ओळखीचे दोन निवृत्त. "मी घरी गेलो की सांगतो."

"घरी जाईतो मी झोपेन. सांगा ना."

त्यांनी तोंडावर हात धरला. "मला करमत नाही."

"आं?"

"मला करमत नाही गं."

"मोठ्यानं बोला, काही कळत नाहीये."

तिचा आवाज इतका स्पष्ट येत होता की ती नाकानं घेत असलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. बिघाड कुठेच नाही, हे मापसाहेबांच्या एकदम लक्षात आलं. त्यांनी तोंडावरचा हात काढला. ज्या आवाजानं एकेकाळी अख्खी बाजारपेठ काटे झाकायला धावायची, तो त्यांचा खात्यातला आवाज बऱ्याच वर्षांनी बाहेर पडला. "अगं, तुझ्याशिवाय मला अजिबात करमत नाही!"

कचेरीतली टकटक थांबली. रांगेतल्या एका म्हातारबुवांनी टोपी काढली आणि उगाचच परत घातली.

"कोण आहे फोनवर?" खिडकीवरच्या बाईंनी विचारलं.

"बायको."

"हीच? कमी केलेली?"

"एकच आहे मला."

बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि फोन मागून घेतला. "हॅलो. आपलं पूर्ण नाव? जिवंत आहात ना?" पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण त्या ऐकतच राहिल्या. पाच सेकंद झाले, मग कितीतरी पाच सेकंद झाले. मध्येच त्या हसल्या, "हो ना, आमचेही तसेच" असं काहीतरी म्हणाल्या, आणि फोन कानाला तसाच ठेवून दुसऱ्या हातानं अर्जावर दाणकन शिक्का मारला. मग फोन परत दिला.

"आवाज कसला आला हो?" बायकोनं विचारलं.

"तुझा शिक्का. आता तू कायदेशीर जिवंत आहेस."

"पुढे सरका साहेब," मागचा म्हणाला. मापसाहेब बाजूला झाले आणि बाकाच्या टोकाला टेकले. अजून दोन महिने आहेत हो, असं ती म्हणाली. माहितीये, असं ते म्हणाले. चष्मा नवा करून घे, असंही म्हणाले. मग दोघंही बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि फोनही कुणी ठेवला नाही.